चे गेव्हारा
एर्नेस्तो चे गेव्हारा (१४ जून १९२८, रोसारियो, आर्जेन्टिना – ९ ऑक्टोबर १९६७, ला इगेरा, बोलिव्हिया) हे क्रांतिकारक, डॉक्टर व लेखक होते.

मोटारसायकल प्रवास
बालपणापासून दमा असूनही ते रग्बी खेळत. १९५० मध्ये त्यांनी लहान इंजिन बसवलेल्या सायकलवरून उत्तर आर्जेन्टिनात सुमारे ४,५०० किमी प्रवास केला. वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच जानेवारी १९५२ मध्ये ते मित्र आल्बेर्तो ग्रानादो यांच्यासह जुन्या ५०० सीसी नॉर्टन मोटारसायकलवरून निघाले. सामानाने लादलेली गाडी खडी व वाळूच्या कच्च्या रस्त्यांवर वारंवार घसरे; पडणे, तुटलेले भाग तारेने बांधणे आणि पुन्हा निघणे हा नित्यक्रम झाला. चिलीत ती निकामी झाली. पुढे पायी, ट्रकने व बोटीने जाताना त्यांनी चुकिकामाता येथील खाणकामगारांचे आणि पेरूतील सान पाब्लो कुष्ठवसाहतीतील रुग्णांचे जीवन जवळून पाहिले. या अनुभवाने त्यांच्या राजकीय विचारांना दिशा मिळाली.

उत्तरायुष्य
१९५३ मध्ये ते डॉक्टर झाले. क्यूबाच्या क्रांतीत त्यांनी प्रमुख भूमिका बजावली. १९५९ मध्ये भारतभेटीत ते पंतप्रधान नेहरूंना भेटले. बोलिव्हियात सैन्याने पकडून त्यांना ठार केले. त्यांची प्रवासदैनंदिनी मरणोत्तर प्रकाशित झाली. २००४ मध्ये तिच्यावर आधारित चित्रपट आला.