व्हॅनिलाचा एडमंड

केक करताना आपण मोजून चार थेंब व्हॅनिला इसेन्स घालतो. बाजारातली बाटली बहुतेक वेळा कृत्रिमच असते. खरा व्हॅनिला म्हणजे एका वेलीची शेंग, आणि ती चांगलीच महाग. ही शेंग जगभरच्या स्वयंपाकघरांत पोचली ती एका बारा वर्षांच्या गुलाम मुलामुळे. त्याचं नाव एडमंड आल्बियस.

हिंदी महासागरात मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं फ्रेंचांचं बेट आहे. तिथे सेंत सुझान गावी १८२९ मध्ये एडमंड जन्मला. बाळंतपणातच आई गेली. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम! फेरिओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याकडे तो वाढला. मालकाला झाडाफुलांचं भारी वेड. गुलामाच्या पोराला शाळा कुठली? पण मालकामागे बागेत हिंडता हिंडता तो फुलं ओळखायला शिकला. भोपळ्याच्या जातीच्या वेलीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. नराचे पराग मादीला लावले की फळ धरतं, हे मालकानंच त्याला दाखवलं. आपल्यातल्याही कितीजणी परसातल्या भोपळ्याला हेच करतात.

व्हॅनिलाचं मात्र तसं नव्हतं. ही वेल मूळची मेक्सिकोची. १८२० च्या सुमारास ती बेटावर आणली. वाढली, फुललीही, पण शेंग काही धरेना. या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात, पण दोघांच्या मधे एक पातळ पडदा असतो. त्यामुळे पराग आपोआप कुक्षीवर पडत नाहीत. मेक्सिकोत तिथल्या मधमाश्या हे काम करतात. बेटावर त्या नव्हत्या. त्यातून फूल सकाळी उमलतं आणि काही तासांत कोमेजतं. १८३६ मध्ये बेल्जियममध्ये शार्ल मोराँ या शास्त्रज्ञानं हातानं पराग लावून शेंगा धरवल्या होत्या, पण ती रीत मळ्यात उपयोगी पडण्याइतकी सोपी नव्हती.

१८४१ मध्ये एक दिवस मालकाला आपल्या वेलीवर चक्क शेंगा दिसल्या. हे मी केलं, असं एडमंडनं सांगितलं. मालकाचा विश्वास बसेना. तेव्हा त्यानं करूनच दाखवलं. बारीक काडीनं पडदा वर उचलायचा आणि अंगठ्यानं पराग कुक्षीवर हलकेच दाबायचे. बस्स, एवढंच!

मग आजूबाजूचे मळेवाले त्याला बोलावून आपल्या गुलामांना ही रीत शिकवू लागले. बेटावर व्हॅनिलाचे मळे उभे राहिले, मालक श्रीमंत झाले. एडमंडच्या हाती मात्र काही पडलं नाही. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली. त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं, पण जमीन नाही की पैसा नाही. शहरात तो स्वयंपाकघरात कामाला लागला. तिथे दागिन्यांच्या चोरीत सापडला आणि सक्तमजुरीवर गेला. त्याच्या शोधाची आठवण ठेवून त्याला मुदतीआधी सोडलं, एवढीच काय ती कदर.

पुढे एका नामवंत वनस्पतीतज्ज्ञानं ही रीत आपणच शिकवल्याचा दावा केला. तेव्हा जुना मालक मात्र एडमंडच्या बाजूनं ठामपणे उभा राहिला. त्याच्यामुळेच हे श्रेय आज एडमंडच्या नावावर आहे. पण १८८० मध्ये तो गेला तो गरिबीतच.

आता त्याच्या गावात त्याचा पुतळा आहे. आणि मादागास्करपासून आपल्या केरळ-कर्नाटकापर्यंत, व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही एकेक फूल हातात धरून, काडी आणि अंगठ्यानंच फळवतात. अगदी एडमंडनं दाखवलं तसंच.