लीला राव

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी मुंबईस झाला. वडील डॉक्टर होते. आई पंडिता क्षमाबाई राव. त्या टेनिस खेळत अन् संस्कृतात काव्यही लिहीत. बापूजींच्या सत्याग्रहावर त्यांनी 'सत्याग्रहगीता' लिहिली. बापूजी म्हणजे आपल्या सेवाग्रामचेच.

आपल्या शाळेत लंगडी, खो-खो आहे, टेनिस नाही. म्हणून सांगते. मैदानात मधोमध जाळी बांधतात अन् रॅकेटने चेंडू पलीकडे मारतात. विंबल्डनची स्पर्धा इंग्लंडात हिरवळीवर होते.

१९३१ साली लीलाबाई भारताच्या विजेत्या झाल्या. १९३४ साली त्या विंबल्डनला खेळल्या. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते, अन् खेळायचे त्यांच्याच देशात!

पहिला सामना ग्लॅडिस साउथवेल या बाईशी होता. पहिला सेट लीलाबाई ४-६ असा हरल्या. आणखी एक सेट गेला असता तर सारेच संपले असते. दुसरा सेट सहावर संपेचना, कारण तेव्हा दोन गेम पुढे गेल्याशिवाय सेट मिळत नसे. सात झाले, आठ झाले, नऊ झाले. शेवटी १०-८ ने लीलाबाईंनी जिंकला. मी बेरीज केली, एका सेटात १८ गेम! तिसरा सेट ६-२ असा घेतला. विंबल्डनला सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय बाई.

दुसऱ्या फेरीत मात्र फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफने त्यांना हरवले. मला लई वाईट वाटले. १९३५ साली त्या पुन्हा तिथे खेळल्या. पुढे आईच्या गोष्टींवरून त्यांनी संस्कृत नाटके लिहिली.

(इयत्ता ४ थी, नाचणगाव)