डॉ. वसंत रामजी खानोलकर : जीवन परिचय (मराठी निबंध)

कॅन्सर म्हटलं की आपल्याला मोठी हॉस्पिटलं आणि मोठी मशिनं आठवतात. पण एका दुर्मिळ कॅन्सरचं कारण एका मराठी डॉक्टरांना चक्क माणसाच्या नेसण्यात सापडलं. हे डॉक्टर म्हणजे वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनमध्ये शिकून १९२३ साली ते विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. विकृतिशास्त्र म्हणजे आजारी भागाचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग ओळखायचं शास्त्र. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या मेडिकल कॉलेजांत शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी सांभाळल्या.

काही रुग्णांना कमरेवर, जिथे पोट संपतं तिथल्या कातडीवर गाठ किंवा न भरणारी जखम असायची. तुकडा तपासला की कॅन्सर निघायचा. पण नेमका तिथेच का? खानोलकरांनी रोग्याची राहणीही पाहिली. हे लोक वर्षानुवर्षं त्याच जागी धोतर घट्ट कसत होते. घाम, उष्णता आणि रोजचं घासणं यामुळे कातडी आधी काळी पडते, मग तिचा रंग जातो, जखम होते आणि क्वचित कोणाला पुढे कॅन्सर होतो. १९४५ साली खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी हे प्रसिद्ध केलं. नाव पडलं 'धोतराचा कॅन्सर'.

काश्मीरमध्येही असंच होतं. थंडीत तिथले लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. त्या शेकानं पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला कॅन्सर होतो.

आपल्या मावळात भातलावणीला आजोबा धोतर कसून आणि आजी नऊवारीचा काष्टा घालून दिवसभर चिखलात वाकलेले असतात. कमरेवर काळा पट्टा पडतो, त्याला घाबरायचं कारण नाही. गाठ सैल बांधायची, रोज थोडी खालीवर करायची. जखम मात्र काही आठवड्यांत भरली नाही तर हळद लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळेत कळलं तर तेवढा भाग कापून काढून रोगी बरा होऊ शकतो.

खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरवर, तसंच कुष्ठरोगावरही काम केलं. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणही मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. त्यानंतर अनेक वर्षांनी मुंबईतल्या डॉक्टरांना साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवर हाच कॅन्सर दिसला. तिथे कारण होतं परकराची घट्ट नाडी.