एल्फिन्स्टनने कोणाचा धर्म सांभाळला?

गोव्यात पोर्तुगिजांनी १५६० साली धर्मन्यायालय बसवून माणसे छळली. इंग्रजांनी मात्र कोणाच्या धर्मात ढवळाढवळ केली नाही, असे कौतुकाने सांगितले जाते. महाराष्ट्रात हे धोरण रुजवले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. त्याचे चरित्र आम्हा बहुजनांना आमच्या बाजूने वाचावे लागते.

१७७९ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला एल्फिन्स्टन कोवळ्या वयात कंपनीच्या नोकरीत आला आणि १८११ साली पुण्याचा रेसिडेंट झाला. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला महार सैनिकांनी पेशव्यांच्या फौजेशी झुंज दिली. लगेच ११ फेब्रुवारीला एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. पेशवाई बुडाली, पण इनामे, देवस्थाने आणि वाजवी असतील तेवढ्या धर्मरूढी चालू राहतील, अशी हमी त्यात होती. एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला. गडावरचे निशाण बदलले, पण पायथ्याच्या त्र्यंबकेश्वराच्या देवळाचे दार अस्पृश्यांना बंदच राहिले. अस्पृश्यता वाजवी आहे काय, हे कोणी विचारले नाही.

१८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात पाठशाळा निघाली, ती ब्राह्मणांसाठी. खालच्या जातींची मुले उत्तम शिकतात, हे त्याला माहीत होते. तरी त्यांना पुढे आणले तर वरच्या जाती शिक्षणापासून दूर राहतील, अशी भीती त्याने १८२४ च्या टिपणात नोंदवली. हेच टिपण बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने महार मुलाला प्रवेश नाकारला, तो याच धोरणाचा वारसा. १८५९ साली एल्फिन्स्टन वारला.

तो विद्वान होता, दुष्ट नव्हता. पण त्याची सहिष्णुता दाराच्या आतल्यांसाठी होती. बाहेर उभे असलेल्यांना तिचा काय उपयोग? म्हणून तर १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला.

बाबासाहेबांच्या संविधानाने ही चूक दुरुस्त केली. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकारही सरकारला देते. रूढीच्या नावाने कोणी माणसाला अडवले, तर आम्ही हेच कलम दाखवले पाहिजे. माणसाला दूर लोटणारी रूढी सांभाळणे म्हणजे सहिष्णुता नव्हे.