प्लिनी आणि हिंगाचा हरवलेला भाऊबंद

रोमन विद्वान थोरला प्लिनी इ. स. २३ च्या सुमारास उत्तर इटलीत कोमो येथे जन्मला. तरुणपणी तो जर्मनीच्या सरहद्दीवर घोडदळात अधिकारी होता. पुढे सरकारी कामे सांभाळून त्याने ‘नॅचरल हिस्टरी’ हा ३७ भागांचा ज्ञानकोश लिहिला. वेळ वाया जाऊ नये म्हणून जेवतानाही तो कुणाकडून तरी पुस्तक वाचून घेई.

याच ग्रंथात त्याने एका औषधी वनस्पतीचा शेवट नोंदवला. तिचे नाव सिल्फियम. आजच्या लिबियातील सायरीनच्या रानात ती उगवे. जाड मूळ, छत्रीसारखा फुलोरा आणि मूळ-खोड चिरल्यावर निघणारा सुगंधी चीक. खोकला, ताप, अपचन अशा अनेक तक्रारींवर तो देत. सायरीनच्या नाण्यांवरही तिचे चित्र असे. यादवीच्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने सरकारी खजिन्यातून या चिकाचे १५०० रोमन पौंड बाहेर काढले होते.

ही वनस्पती शेतात रुजत नसे. त्यातच कुरणांच्या ठेकेदारांनी जास्त नफ्यासाठी तिच्यावर मेंढ्या सोडल्या. प्लिनीच्या हयातीत एकच रोप सापडले आणि ते सम्राट नीरोला नजर केले गेले.

मग रोमन लोक इराणकडून येणाऱ्या चिकावर भागवू लागले. तोच आपला हिंग. दोन्ही वनस्पती धणे-जिऱ्याच्या कुळातल्या, बहुधा एकाच फेरुला गटातल्या. फरक वासात आणि दर्जात. प्लिनीने हिंगाला कमी प्रतीचा ठरवले, त्यातली डिंकाची भेसळही नोंदवली. ती तक्रार आजही जुनी झालेली नाही.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पेटला तेव्हा प्लिनी मिसेनम येथे आरमाराचा प्रमुख होता. आधी कुतूहलापोटी आणि मग लोकांना वाचवण्यासाठी तो जहाजे घेऊन निघाला. त्याची श्वासनलिका मुळातच नाजूक, वारंवार सुजणारी होती, असे त्याच्या भाच्याने लिहून ठेवले आहे. स्टाबिए येथे धूर आणि राखेत तो कोसळला. बरोबरचे लोक मात्र वाचले. दमा की हृदयविकार, हे आज ठरवता येणार नाही.

अफगाणिस्तान-इराणमधला बराचसा हिंग आजही रानातूनच गोळा होतो. भारतात २०२० मध्ये लाहौल खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली. सिल्फियमच्या वाट्याला अशी लागवड कधी आलीच नाही.