कै. केरो लक्ष्मण छत्रे

सोलापुरास पाऊस बेताचा, पण मृगाच्या तोंडीं वारा मात्र भरपूर. तो मोजावा म्हणून गेल्या वर्षीं आमच्या मुलांनीं शाळेच्या गच्चीवर एक यंत्र उभें केलें: दोन आडव्या काठ्या, त्यांच्या टोकांस नारळाच्या चार करवंट्या, मधें खिळा. एका करवंटीस तांबडा रंग दिला, म्हणजे फेरे मोजतां यावेत. यंत्र गरगर फिरूं लागतांच एकच आनंद झाला. फेरे मोजून वहींत लिहिण्याचा कंटाळा मात्र तिसऱ्याच दिवशीं आला. तेव्हां आम्हीं त्यांस केरूनानांची हकीकत सांगितली.

नानांचा जन्म 1825 सालीं अलिबागेजवळील नागांवीं झाला. आईबाप लवकर निवर्तल्यामुळें ते मुंबईस चुलत्यांकडे वाढले. एल्फिन्स्टन विद्यालयांतील प्रोफेसर ऑर्लिबार ह्यांनीं त्यांची गणितांतील गति हेरली आणि कुलाब्याच्या वेधशाळेचें काम आपणांकडे येतांच ह्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास मदतनीस नेमिलें. आमच्या दहावींतील मुलांचेंच तें वय! तेथें चुंबकसूचीची व हवेची नोंद तासातासास, रात्रींहि, होत असे. अशा कामांत नानांचीं सुमारें दहा वर्षें गेलीं.

चार वाट्यांचें यंत्र आयर्लंडांतील रॉबिन्सन ह्या धर्मोपदेशक ज्योतिष्यानें त्याच सुमारास, 1846 सालीं, तयार केलें. वाटी केवढीहि असो, ती वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगानेंच फिरते, असा त्याचा समज होता. पुढें तो चुकीचा ठरला. हें प्रमाण वाटीच्या व दांडीच्या मापाप्रमाणें बदलतें. म्हणून आमच्या करवंट्यांचें प्रमाणहि आम्हांसच काढावें लागणार. वारा पडलेला असतां मोटारींतून ठराविक वेगानें जाऊन फेरे मोजावयाचे, हा त्यास सोपा उपाय.

1851 सालीं नाना पुण्यास शिक्षक म्हणून आले. मुलांसाठीं त्यांनीं अंकगणिताचीं व पदार्थविज्ञानाचीं मराठी पुस्तकें लिहिलीं. लोकमान्य टिळक हे डेक्कन कॉलेजांत त्यांचे विद्यार्थी. जुन्या ग्रंथांवरून काढलेलीं ग्रहांचीं स्थानें आकाशाशीं जुळेनात, म्हणून नानांनीं 1860 सालीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें छापिलीं आणि 1865 पासून नवें पंचांग काढिलें. तेंच पटवर्धनी पंचांग. त्यानें सणावारांचे दिवस हलूं लागले, तेव्हां बहुतेक घरांनीं जुनेंच पंचांग ठेविलें. लोकांच्या सोयीसाठीं नानांनीं ग्रहाची जागा मात्र बदलली नाहीं. ते 1884 सालीं वारले.

गच्चीवरील वहींत दुपारचे रकाने आतां भरूं लागले आहेत. पहांटेचे कोरे आहेत. पालकांनीं यंदा मुलांस थोडें लौकर उठवून पाठवावें.