घोड नदीचा मासा आणि कर्नल साइक्स

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहावे, असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच आधी वाटले होते. पण डबे, छड्या आणि गॅदरिंग यांवर तुम्ही मंडळी माझ्यापेक्षा चांगले लिहाल. म्हणून मी दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात हिंडून गेलेल्या एका माणसाबद्दल लिहिते. विज्ञानाच्या तासाला आपण मासा शिकलो तो पुस्तकातला. वर्गाच्या खिडकीबाहेरच्या नद्यांमधले मासे जगाच्या प्राणिशास्त्रात मराठी नावांनी नोंदलेले आहेत, हे मला पस्तिशी उलटल्यावर, मुलीच्या प्रकल्पासाठी शोधाशोध करताना कळले. ती नोंद करणारा माणूस म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्सचा जन्म इंग्लंडमध्ये २५ जानेवारी १७९० रोजी झाला. आपण ज्या वयात आठवी-नववीत होतो, त्या वयात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे तो हिंदुस्थानी आणि मराठी शिकला आणि १८१० मध्ये या भाषांचा दुभाष्या म्हणून पात्र ठरला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढला. म्हणजे तो आला तो जिंकणाऱ्यांच्या बाजूने, हे विसरून चालणार नाही.

लढाया संपल्यावर तो रजा घेऊन युरोपात गेला आणि १८२४ मध्ये परतला. तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याच्यावर नवीनच काम सोपवले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी करून माणसे, जमिनी, पिके, हवामान अशी सगळी माहिती आकड्यांत मांडायची. नव्या सरकारला महसूल बसवायचा होता आणि त्यासाठी मुलूख माहीत हवा होता. हेतू साधा सरकारी होता. पण साइक्स नेमलेल्या कामापाशी थांबणारा नव्हता. तंबू टाकेल तिथे तो वायुभारमापकाची नोंद घेई आणि दिसेल त्या पक्ष्याचे, प्राण्याचे, खेकड्याचे टिपण करी.

आपल्या तालुक्यांत त्याच्या खुणा तीन ठिकाणी सापडतात. पहिली जुन्नरच्या लेण्यांत. सहलीला लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजत चढताना भिंतींवरच्या अक्षरांकडे आपल्यापैकी कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. साइक्सने जुन्नर परिसरातल्या बौद्ध लेण्यांमधले शिलालेख उतरवून घेतले आणि ते १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

दुसरी खूण हरिश्चंद्रगडावर. खिरेश्वरच्या वाटेने तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. कड्याच्या टोकाशी उभा असताना, सूर्य पाठीशी आणि कोकणच्या अंगाला दाट धुके असताना, साइक्सला समोर संपूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसले आणि त्यात स्वतःची व घोड्याची सावली दिसली. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. दख्खनच्या हवामानावरच्या त्याच्या १८३५ च्या निबंधात ही नोंद आहे. कोकणकड्यावर जाणारे ट्रेकर आजही ती सांगतात.

तिसरी खूण पाण्यात आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून आंबेगाव ओलांडत घोड नदी खाली जाते. शिरूरला तर आपण अजून घोडनदीच म्हणतो. तिथे साइक्सला एक मोठा मासा मिळाला. त्याचे शास्त्रीय नाव त्याने ठेवले ‘मुसल्ला’. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महासीरला त्याने ‘खुद्री’ म्हटले. इंद्रायणीतल्या, नाकाडावर टेंगूळ असलेल्या माशाला ‘नुक्टा’. दगडाला चिकटून राहणारा तो ‘मल्या’ आणि तोंडाशी मिशा असलेली ती ‘शिंगटी’. शिवाय पोटेल, कोळस, फुलंगी, इचका आणि सांडखोळ. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही नावे नदीकाठच्या लोकांच्या तोंडून ऐकून साइक्सने इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवली आणि लॅटिन नावांच्या रांगेत नेऊन उभी केली.

दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईला यात रस का, असे कोणी विचारेल. आमच्या धंद्यात एखाद्या गोष्टीला नाव देणे हे वाटते त्याहून अवघड काम असते, कारण पुढे शेकडो ठिकाणी त्याच नावाने ती शोधली जाते. प्राणिशास्त्रात नियम याहून कडक आहे. जातीला रीतसर दिलेले सर्वांत जुने नाव टिकते. नंतरच्या अभ्यासकांनी मासा दुसऱ्या गटात हलवला तर नावाचा पहिला शब्द बदलतो, दुसरा राहतो, आणि मूळ नाव देणाऱ्याचे नाव कंसात जाते. घोड नदीच्या माशाचे तेच झाले. साइक्सने त्याला ‘बार्बस’ गटात ठेवले होते. मधल्या काळात तो महासीरच्या गटात गेला आणि अलीकडे तिथूनही काढून ‘हिप्सेलोबार्बस’मध्ये नेला. ‘मुसल्ला’ मात्र जागेवर आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. काही माशांना साइक्सने लंडनच्या ओळखीच्या विद्वानांची नावे दिली. ऑगिल्बी, व्हिगर्स, यारेल आणि चिल्ड्रन ही माणसे त्या माशांच्या नावांतून ओळखू येतात. ज्यांनी जाळ्यातून मासा काढून त्याचे नाव सांगितले, त्या भोयांचे शब्द उरले, माणसे उरली नाहीत.

पक्षी आणि सस्तन प्राण्यांचे कामही मोठे होते. आपला डोमकावळा आणि ओढ्याकाठी ध्यान लावून बसणारा वंचक यांची शास्त्रीय वर्णने त्याने १८३२ मध्ये दिली. कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला, त्याने दख्खनवरून ‘दुखुनेन्सिस’ नाव दिले.

सरकारने १८२९ च्या अखेरीस त्याचे पद बंद केले. त्याने रजा घेतली आणि काम पुरे करूनच १८३१ मध्ये मायदेश गाठला. पुढे तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होता, १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचा खासदार राहिला. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला. एवढ्या पदांपैकी आज कोणाला फारसे काही आठवत नाही. माशांच्या नावांमागे ‘साइक्स, १८३९’ हे मात्र जगभर छापले जाते.

आता आपल्याकडे वळते. मुसल्ला, नुक्टा, पोटेल आणि सांडखोळ हे मासे आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहेत. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांनी आपली शेती उभी केली, ऊस-द्राक्षे दिली, आणि आपल्यापैकी कित्येकांची शिक्षणे त्याच पाण्यावर झाली. मी त्या धरणांविरुद्ध बोलणार नाही. पण वाहत्या पाण्यातल्या माशांना साचलेले पाणी मानवत नाही, आणि आता बाजारात बहुतेक रोहू, कटला आणि तिलापियाच दिसतात. मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा मासळीच्या टोपलीपाशी मी शिंगटीची चौकशी केली. विकणारा पोरगा हसला आणि आजीला विचारायला आत गेला. आजीने लगेच सांगितले, शिवाय आणखी चार नावे सांगितली. ती मी कुठेच वाचलेली नव्हती.

आंबेगाव हे गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले, तालुक्याला नाव तेवढे राहिले. नद्यांच्या बाबतीत नावही राहील याची खात्री मला वाटत नाही. म्हणून एक विनंती. संमेलनाला येताना घरातल्या, आळीतल्या जुन्या माणसांना विचारून नदीतल्या माशांची नावे लिहून आणा. मासा कसा दिसायचा आणि कोणत्या डोहात मिळायचा, तेही लिहा. यादी नीट लावून शाळेच्या ग्रंथालयात ठेवायचे काम माझ्याकडे. आणि या वेळी नाव सांगणाऱ्याचे नावही शेजारी लिहू.